घर विकून देणारा माळी

आमचं लातूरचं घर बशीरमामूंनी विकून दिलं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ते दलाल वाटतात. ते माळी होते. औसा रोडला, तेव्हाच्या गावाबाहेर, दुसऱ्याच्या जागेवर त्यांची लहानशी नर्सरी होती. पण भूकंपानंतरच्या त्या वर्षांत ज्याचं घर विकलं जात नसे त्याला कुणीतरी सांगायचं, एकदा मामूला दाखव. मामू सायकलवर यायचे, मागे वेताची पाटी, तिच्यात खुरपं, कात्री आणि आडवी बांधलेली पहार. ते अंगण करायचे, आणि बऱ्याचदा घर जायचं.

आमची वेळ आली तेव्हा भूकंपाला दोन वर्षं होऊन गेली होती. माझ्या नवऱ्याची नांदेडला बदली झाली होती आणि ते रुजूही झाले होते. लातूरला मी, दोन मुलं आणि सासूबाई. घर विकल्याशिवाय नांदेडला घर घेता येत नव्हतं, आणि जूनमध्ये तिथली शाळा सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकायचं होतं. आमचं घर चार खोल्यांचं, विटांचं, वर स्लॅब. एक तडा गेला नव्हता. पण त्या दिवसांत लातुरात प्रत्येक जण इंजिनिअर झाला होता. गिऱ्हाईक यायचं, भिंतीवर बोटांनी ठकठक करायचं, मान वर करून स्लॅबकडे बघत राहायचं, आणि चहा तसाच सोडून निघून जायचं. मार्चपासून मेपर्यंत अशी किती माणसं आली आणि गेली. मध्येच कुठूनतरी आवई उठायची की आज पुन्हा हादरा येणार, आणि ठरलेलं गिऱ्हाईकसुद्धा यायचं राहायचं.

शेजारच्यांनी मामूंना पाठवलं. मी खिडकीतून बघितलं तर एक उंच, वाकलेला माणूस रस्त्याच्या पलीकडे विजेच्या खांबाला सायकल टेकवून आमच्या घराकडे बघत उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. मला भीती वाटायला लागली. शेवटी मी फाटकापर्यंत गेले, तेव्हा ते रस्ता ओलांडून आले. नाव सांगितलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"बाई, ह्या घरात झोपतं कोण?"

मी म्हटलं, मी आणि मुलं.

"आणि ह्या शेडात?"

अंगणात पत्र्याचं शेड होतं. भूकंपाच्या आठवड्यातच ठोकलेलं. सगळ्या गल्लीत अशी शेडं होती, पण दोन वर्षांत बाकीच्यांनी काढून टाकली होती. आमच्या शेडात सासूबाईंची खाट, ट्रंक, मच्छरदाणी, पाण्याचा माठ, सगळा संसार होता. किल्लारीकडच्या त्यांच्या माहेरच्या गावातलं निम्मं घराणं दगडांखाली गेलं होतं. त्या दिवसापासून त्या छताखाली शिरल्या नव्हत्या. जेवणाचं ताटसुद्धा बाहेर आणून द्यावं लागे.

मी सांगितलं. मामूंनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "मग कसं विकंल? घरची मोठी बाईच घराला भिऊन राहिली. ते रस्त्यावरून दिसून राहिलंय."

हळू बोलले तरी ते सासूबाईंनी ऐकलं. त्या शेडाच्या दारात येऊन म्हणाल्या की मी मेले तरी त्या स्लॅबखाली यायची नाही, आणि शेडाला हात लावाल तर याद राखा. मामूंनी पाटी उचलली आणि गेले. मला वाटलं, हाही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार घेऊन हजर. सरळ सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आक्का, तुमी कोपरा दाखवा. मी माझ्या मनानं खणलो तर तुमचा भरवसा बसायचा न्हाई."

काय खणायचं, कशासाठी, कुणालाच कळेना. सासूबाईंनी रागानंच स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मामू तिथं भिंतीलगत खणायला लागले.  विकायला काढलेलं घर, आणि हा माणूस त्याचा पाया उकरतोय. शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. कुणी म्हणालं, वेडा आहे, भिंत बसंल. मी नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावायला दोनदा पोस्टात गेले, दोन्ही वेळा लाइन लागली नाही. परत आले तेव्हा खड्डा कमरेइतका झाला होता. आधी सगळी काळी माती निघाली, मग पिवळसर मुरूम लागला. पायाचे दगड एकावर एक बसलेले, त्यांच्या सांध्यातला सिमेंटचा माल जसाच्या तसा. सासूबाईंची खाट तोवर शेडातून खड्ड्याच्या काठाशी सरकली होती. ती त्यांनी स्वतःच ओढत आणली होती.

मामू वर आले आणि त्यांना म्हणाले, हात लावून बघा. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या आणि पायाच्या दगडावर तळहात ठेवला. बराच वेळ तशाच राहिल्या. मग उठून दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट केलं. मामूंनी दुसऱ्या दिवशी तोही खणला. तिसऱ्या कोपऱ्याला त्या नको म्हणाल्या.

खड्डे बुजवले. पुढचे सात-आठ दिवस मामू फक्त यायचे, जुन्या पेरूची वाळकी फांदी काढ, दगडगोटे गोळा कर, असं काहीबाही करायचे. शेडाबद्दल एक शब्द नाही. मे संपत आला होता. एका दुपारी मी बाजारातून आले तर सासूबाई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. मी पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले. मामूंनी मात्र त्याच दुपारी शेडाचे बोल्ट सोडवायला घेतले. मला हळूच म्हणाले, आक्काचं मन फिरायच्या आत.

मग त्यांनी अंगण केलं. त्यात महागाचं काहीच नव्हतं. फाटकापासून पायरीपर्यंत नीट दिसेल अशी वाट, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या खाली राहील एवढी मेंदी. पेरूखाली बसायला दगडाचा ओटा. एका बाजूला तगर, एका बाजूला मोगरा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, म्हणून न्हाणीचं पाणी चर काढून झाडांना दिलं. भिंतीलगत दोन हातांची पट्टी मात्र त्यांनी कोरी ठेवली. मी म्हटलं, खिडकीवर मधुमालती चढवू या, छान दिसेल. ते म्हणाले, भिंतीवर वेल मी चढवत न्हाई. का, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की घेणाऱ्याला भिंत जमिनीपासून वरपर्यंत दिसली पाहिजे. काही लपवलेलं न्हाई म्हटल्यावर तो ठकठक करत न्हाई.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हदगावचं एक जोडपं आलं. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली, तिला लातूरला शिकवायचं होतं. तेव्हा शिकायला लातूरला यायची लाट नुकतीच सुरू झाली होती. भूकंपाला भिऊन लातूर सोडणारी माणसं आणि मुलांना डॉक्टर करायला लातुरात येणारी माणसं एकाच एसटी स्टँडवर एकमेकांना ओलांडत होती. मामू कोपऱ्यात खुरपं घेऊन बसले होते. गिऱ्हाईक आलं की ते कामात असायचे, तोंड मात्र कधी उघडायचे नाहीत. ती बाई फाटकात थांबली. भिंतीकडे बघितलं, मग पेरूच्या ओट्यावर जाऊन बसली आणि मुलीला म्हणाली, इथं बसून वाचता येईल तुला. आतल्या खोल्या तिनं नंतर बघितल्या. आठवड्यात व्यवहार झाला आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला पोचलो.

त्या ओट्यावर ती मुलगी किती बसली कोण जाणे. वर्षभरानं मी लातूरला गेले तेव्हा अंगणात तीन खोल्या उठल्या होत्या आणि दारात मुलींच्या सायकलींची रांग होती. मला वाईट वाटलं. मामूंना त्याचं काहीच नव्हतं. खोल्या बांधायच्या आधी ते स्वतःच जाऊन मोगरा मुळासकट काढून घेऊन आले होते. तेच त्यांचं नेहमीचं होतं. घर विकलं गेलं की महिन्या-दोन महिन्यांनी जायचं, नव्या मालकाला विचारायचं, ठेवणार की बांधणार? बांधणार म्हणाला की माती सांभाळून झाड काढायचं, गोणपाटात गुंडाळायचं आणि पुढच्या घरी लावायचं. आमच्या मोगऱ्यानं सहा घरं विकली असं ते मला हिशेब देऊन सांगायचे. आमच्यानंतर औसा रोडला एक, मग बार्शी रोडला दोन, असं. आणि दर घरी तो फुलायचा.

मी नांदेडला शाळेत शिकवत होते. लातूरला गेले की नर्सरीवर जायचेच. ते मान वर न करता रोपांच्या पिशव्या भरत बोलायचे. घरात बोलावलं तर कधी यायचे नाहीत, चहा फाटकातच. कुंडीत प्लास्टिकची फुलं दिसली तर ते काम सोडून जायचे. आणि खोटं त्यांना जमत नसे. सांगायचं नसलं तर गप्प बसायचे, किंवा अर्धंच सांगायचे. त्या अर्ध्याचा अर्थ लावायला मी एकदा चुकले.

माझा थोरला भाऊ जळकोटला शिक्षक होता. त्याच्या दोन मुली, दोघी हुशार. निवृत्त झाल्यावर आयुष्यभराची पुंजी घालून त्यानं लातूरला घर घ्यायचं ठरवलं. खाली आपण राहायचं आणि वरच्या दोन मजल्यांवर शिकायला आलेल्या मुली ठेवायच्या. क्लासेसच्या भागातच एका गुत्तेदाराचं, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदाराचं, तीन मजली घर विकायला होतं. दादाला ते पसंत पडलं होतं. मला पत्ता सांगितला तेव्हा मी ओळखलं, त्या घराची बाग मामू करत होते. मी दादाला म्हटलं, मग डोळे झाकून घे. मामूंनी हात लावलेलं घर कच्चं नसतं.

तरी मी जाऊन मामूंना विचारलं. ते हातातल्या रोपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढचं अंगण मी केलंय, बाई. मागचं मी न्हाई केलं."

मला वाटलं, मागची बाग दुसऱ्या कुणी केली म्हणून रागावलेत. मी हसून विषय सोडला. त्यांची नर्सरी ज्या जागेवर होती ती जागा त्याच गुत्तेदाराची होती, हे मला माहीत नव्हतं.

सौद्याचा इसार द्यायच्या दिवशी दुपारी आम्ही तिथं पोचलो. दादा, मी आणि गुत्तेदार. कागद तयार होते, दलाल पुढच्या खोलीत पेन काढून बसला होता. पुढचं अंगण बघून दादा खूश झाला. वाट, तगर, बसायचा ओटा, सगळं मामूंच्या हातचं. आतल्या खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. शेवटी दादा म्हणाला, मागून एक चक्कर मारू. गुत्तेदार म्हणाला, मागं काही नाही, धुण्याची जागा आहे. पण दादा मास्तर माणूस, वही पूर्ण तपासल्याशिवाय सही करायचा नाही. तो निघालाच.

मागच्या भिंतीला सिमेंटच्या मोठ्या कुंड्यांची रांग होती. माणसाच्या उंचीचे पाम, आणि कोपऱ्यात बांबूची जाळी लावून तिच्यावर मनी प्लँटची दाट वेल सोडलेली. मामू तिथं पाइप धरून उभे होते. आम्हाला बघून त्यांनी सलाम केला नाही. पाइप खाली ठेवला, पहिल्या कुंडीला दोन्ही हातांनी धरलं, तिरपी केली आणि कडेवर फिरवत बाजूला नेली.

गुत्तेदार म्हणाला, "मामू, कुंड्या राहू द्या. नंतर करा."

मामूंनी दुसरी धरली. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढं असणार. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कुंडी फरशीवरून फिरताना घर्र घर्र आवाज येत होता.  हसण्याचा प्रयत्न करत गुत्तेदार दादाकडे बघत होता. तिसरी कुंडी सरकली. मग मामूंनी बांबूची जाळी दोन्ही हातांनी उचलली आणि वेलीसकट पलीकडच्या कुंपणाला टेकवली.

कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी जमिनीपासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. एकदा भरलेला, वरून रंग दिलेला आणि रंगासकट पुन्हा उकललेला. दादानं जवळ जाऊन त्यात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं.

गुत्तेदार म्हणाला, प्लास्टरचा तडा आहे, काळ्या मातीत सगळ्याच घरांना जातो.

"कॉलम बसून राहिलाय," मामू म्हणाले. ते दादाशी बोलत होते, पण बघत होते माझ्याकडे. "दोन उन्हाळे बघतोय मी. वर पोरी राहणार हायेत ना?"

 दादानं बोट काढलं, रुमालानं पुसलं आणि घराच्या बाजूनं, आत न जाता, सरळ फाटकाकडे चालायला लागला. मी त्याच्या मागून निघाले. पाठीमागे गुत्तेदाराचा आवाज आला, अगदी शांत. नर्सरीची जागा आठ दिवसांत मोकळी करा, मामू.  

ते घर नंतर कुणीतरी घेतलं. कॉलमला जाड वेढा घालून घेतला म्हणे, आजही ते उभं आहे. दादाला पुढं एक बैठं घर मिळालं. चांगला सौदा हातचा घालवला असं त्याला काही जण अजून ऐकवतात. 

आठव्या दिवशी रविवार होता. मी नांदेडहून पहिल्या गाडीनं लातूरला गेले. मामू आणि त्यांची बायको रजियाखाला टेम्पोत रोपं चढवत होते. निम्मी रोपं ओळखीच्यांना वाटून झाली होती. मी पिशव्या उचलू लागले. मला लाज वाटत होती. त्यांनी अर्धं सांगितलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं. मी तसं म्हटलं. मामू म्हणाले, तुमची चूक न्हाई. मलाच पूर्ण बोलायला धीर झाला न्हाई. ह्या जागेवर वीस वर्षं काढली, जीभ उचलंना.

मग टेम्पोच्या फळीवर बसून, मी न विचारता, ते त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलले. आपाचं घर औशाच्या पलीकडच्या एका गावात होतं, दगडमातीचं. तिच्या दारापुढच्या भिंतीवर मामूंनीच मधुमालती चढवली होती. ईदला जायचे तेव्हा सगळा गाव ती वेल बघायला यायचा. भूकंपात ती भिंत आपावर पडली. माती उपसताना मामूंना भिंतीचा खालचा भाग वेलीमागं सापडला. त्याचं पोट फुगलेलं होतं, दगड कधीपासून सुटलेले होते.

रजियाखाला म्हणाल्या, सारा गाँव गिरा, एक भी दीवार नहीं बची. हे त्या अनेकदा म्हणाल्या असणार, त्यांच्या आवाजावरून ते कळत होतं.

"हाव," मामू म्हणाले. "पडलीच असती. पण मला दिसलं असतं ना."

ते उठले आणि उरलेल्या पिशव्या चढवायला लागले.

लातूरला त्यांनी पुन्हा नर्सरी काढली नाही. औशाला रजियाखालांच्या भावाच्या घरामागं दोन खोल्या होत्या, तिथं ते गेले. मध्ये बरीच वर्षं गेली. सासूबाई वारल्या, माझी मुलं शिकून बाहेर पडली. एकदा सोलापूरला जाताना मी औशाला मुद्दाम उतरले आणि किल्ल्याच्या बाजूनं विचारत विचारत त्यांचं घर काढलं.

इतक्या वर्षांत त्यांचं राहतं घर मी पहिल्यांदाच बघत होते. मनात मी एक बाग धरून गेले होते. तिथं एक फूल नव्हतं. फाटक नव्हतं, वाट नव्हती. दारापासून कुंपणापर्यंत वाफेच वाफे होते. मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरच्या, कांद्याची पात. मामू खूप वाकले होते. मला बघून त्यांनी खाट झटकली. मला राहवेना म्हणून मी विचारलं, मामू, इथं एकसुद्धा फुलझाड कसं नाही?

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. म्हणाले, "हे विकायचं थोडंच हाय, बाई? इथं आमी राहून राहिलो. आमाला भाजी लागते."

रजियाखालांनी चहा दिला. मामूंनी सासूबाईंची चौकशी केली. त्या गेल्याचं ऐकल्यावर शेवटपर्यंत घरातच झोपत होत्या का, एवढं विचारलं. मी हो म्हटलं. निघताना त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली आणि मेथी खुडून तिच्यात भरायला लागले. बस भेटायची नाही, पुरे, म्हटलं तरी ऐकेनात.

मी कोपऱ्यावर जाऊन मागं वळून बघितलं. त्यांनी निरोपाचा हात करावा अशी माझी इच्छा होती. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कुणाची तरी शेळी कुंपणातून आत शिरली होती, आणि मामू हातात चप्पल घेऊन, वाफे चुकवत, जमेल तेवढ्या जोरात तिच्यामागं धावत होते.